आठेच म्हणजे किती?

ज्या माणसाविरुद्ध मी आजवरचं सगळ्यात कडक पत्रक लिहिलं, त्याच माणसाने ते छापखान्यात जाण्याआधी तपासून दिलं. लाल शाईने. ‘शेकडो एकर जमीन’ याखाली रेघ ओढून समासात लिहिलं, ‘एक शेत. साडेतीन एकर.’ ‘विकला गेलेला तंत्रज्ञ’ या शब्दांना मात्र हात लावला नाही. ते तुझं मत आहे, म्हणाले, मताला फूटपट्टी लागत नाही.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका डाळ मिलच्या भिंतीला लागून, त्यांची आणि त्यांच्या भागीदाराची पत्र्याच्या शेडमधली कंपनी होती. चार टेबलं, आठ माणसं आणि सगळ्यांवर बसलेली शेजारच्या तूरडाळीची पिवळी पूड. जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र तिथे तयार व्हायचं. वर तार लावलेला तो डबा आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडायचा आणि तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहात ते आकड्यांत सांगायचा. ही नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. गिऱ्हाईक सगळं समुद्राकाठचं, होड्यांवाले. जळगावात ती वस्तू कुणालाच कळत नव्हती. एक केळीचा व्यापारी शेडमध्ये येऊन म्हणाला, मी कुठे उभा आहे ते मला माहीत नाही का? भाऊ म्हणाले, नाही. व्यापारी रागावून गेला. भाऊ त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले, का नाही ते सांगत.

माझी ओळख झाली ती पोटापाण्यासाठी. साक्रीकडच्या पाड्यांवर जमिनीच्या प्रश्नावर आमची संघटना काम करत होती. मी तेवीस वर्षांची, मोर्चे आणि पत्रकं यांच्यात वाढलेली. अर्धा दिवस कुठेतरी काम पाहिजे होतं, आणि कंपनीला यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत लिहायला माणूस पाहिजे होतं. पहिल्या दिवशी भाऊंनी माझं लिखाण बघायला मागितलं. मी धुळ्याच्या मोर्च्याचं पत्रक दिलं. त्यात ‘हजारोंच्या संख्येने’ असं होतं.

“मोजले?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मोर्चे मोजत नसतात.

“मी त्या दिवशी धुळ्यात होतो. पुलावर उभा राहून मोजले. चारशे बारा. तू धरून.” मग पत्रक परत देत म्हणाले, “चारशे बारा माणसं उन्हात चालली, हे कमी आहे का? त्यांना हजारांत कशाला बुडवतेस?”

मला काम मिळालं. राग मात्र आला तो आलाच.

भाऊ बसत नसत. हे मी वाढवून सांगत नाही, वाढवून सांगायची माझी सवय त्यांनीच मोडली. शेवभाजी उभ्याने खायचे, पत्रं उभ्याने वाचायचे, कुणी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून तीच खुर्ची शेडभर ढकलत बोलत राहायचे. फोनला त्यांनी तीस फूट वायर जोडून घेतली होती. ते बोलत फिरायचे, वायर टेबलांच्या पायांना वेढे घालत जायची, आणि फोन संपला की त्यांचे भागीदार बसल्या जागेवरून ती हळूहळू गोळा करायचे. डावं-उजवं हे शब्द त्यांनी टाकून दिले होते. न्हाव्याला म्हणायचे, वायव्येकडचे केस राहिले. न्हावी त्यांचा नेहमीचा, तो म्हणे, भाऊ, तुम्ही मान वळवली की माझी वायव्य बदलते. यावर भाऊ दोन दिवस विचार करत होते.

भागीदारांना सगळे शेठ म्हणायचे. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर, बाजारात पाण्याच्या मोटारींचं दुकान. दोघे इंजिनिअरिंगला पुण्यात एका वर्गात होते. पुढे ऐंशीच्या दशकात भाऊ जहाजांवरची यंत्रं दुरुस्त करत बंदरं फिरले, आणि शेठ दुकानात येऊन गादीवर बसले ते बसलेच. भाऊ परत आले तेव्हा या डब्याची कल्पना घेऊन आले आणि सरळ गादीसमोर उभे राहिले. शेठ सांगायचे, हा तीन तास समोर येरझाऱ्या घालत होता, माझी मान दुखायला लागली म्हणून मी हो म्हटलं.

आता ‘आठेच’बद्दल सांगते. खानदेशात कुठल्याही खेड्यात वाट विचारा. अमुक गाव कुठे? ‘आठेच शे.’ शब्दाला शब्द लावला तर ‘इथेच आहे’. खरा अर्थ, चालत राहा. भाऊ मूळचे भडगावकडचे. लहानपणी घरच्यांबरोबर पद्मालयाच्या गणपतीला निघाले, एरंडोलहून पुढे पायी. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस म्हणाला आठेच शे, आणि ते ‘आठेच’ दुपार उलटली तरी आलं नाही. भाऊ हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू त्यांच्यावर तेव्हा अन्यायच झाला होता. मोठेपणी त्यांनी त्याचा तपास सुरू केला. एक जाड वही होती. एसटीतून मध्येच उतरायचे, दिसेल त्याला पुढच्या गावाची वाट विचारायचे, ‘आठेच’ ऐकायचे आणि मग खरं अंतर मोजायचे. वहीत गाव, बोलणाऱ्याचं वय, त्याच्या डोक्यावर ओझं होतं की नव्हतं, आणि पुढे मीटर. ओझं असलेल्या बाईचं ‘आठेच’ सगळ्यात खरं निघतं आणि मोटारसायकलवाल्याचं सगळ्यात खोटं, हा त्यांचा निष्कर्ष. साक्रीच्या पश्चिमेला ‘आठेच’ सगळ्यात लांब.

माझा संताप व्हायचा. तिकडे माणसं जमिनीवरून हाकलली जातायत आणि हा शिकलेला माणूस एका शब्दाची लांबी मोजतोय. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, तुला कुणी विचारलं की जमीन कुठे आहे, तर तू काय सांगशील? मी म्हटलं, जिथे आहे तिथे. ‘बघ,’ म्हणाले आणि निघून गेले.

त्या डब्याची गोम अशी होती की तो चुकायचा. मुद्दाम चुकवला जायचा. उपग्रह ज्या परक्या लष्कराचे, ते संदेशात जाणूनबुजून चूक मिसळायचं, बाहेरच्यांना नेमकी जागा कळू नये म्हणून. शंभर मीटरपर्यंत फरक. मी पुस्तिकेत यावर दीड पान लिहिलं, बड्या देशांची दादागिरी वगैरे. भाऊंनी दीड पान खोडून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ ठेवली : हे यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकते.

शेठ हवालदिल झाले. “अरे, गिऱ्हाईक पहिलं पान उघडून दुसऱ्यावर जाईल का? शेवटच्या पानावर टाक ना. खोटं बोल असं मी म्हणत नाही. जरा मागे बोल.”

“होडीवाला शेवटच्या पानावर पोचायच्या आत खडकावर पोचेल,” भाऊ म्हणाले.

ओळ पहिल्या पानावरच राहिली. गिऱ्हाईकं गेली ती त्या ओळीमुळे, असं शेठ अजूनही म्हणतात. तरी ती ओळ काढायला त्यांनी छापखान्याला कधी सांगितलं नाही, हेही खरं.

आणि मग नानांचं प्रकरण आलं.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथले नाना साठीच्या पुढचे, साडेतीन एकर जमीन, नागली आणि थोडा भात. जंगल खात्याचं म्हणणं, हे शेत जंगलाच्या हद्दीत आहे, उठा. हद्द कागदावर सरळ रेघ होती, दोन टोकांच्या दोन दगडी बुरुजांमधली. बुरूज उभे होते, पण मधले हद्दीचे दगड कधीच गेलेले. नानांच्या विरुद्ध सगळ्यात जड कागद होता तो त्यांचाच पंचनामा. काही वर्षांपूर्वी जंगलातल्या नाक्यावर लिहिलेला : ‘सदर इसमास शेत कोठे आहे असे विचारता, याच ठिकाणी आहे असे सांगून त्याने कबुली दिली.’ खाली अंगठा.

मी तो कागद दहा वेळा वाचला होता. ही दडपशाहीने घेतलेली कबुली आहे असं पत्रकही काढलं होतं. अडचण एवढीच की नाना म्हणत, कुणी मारलं नाही, दटावलं नाही, चहा पाजला. मी वैतागायचे. आपलाच माणूस आपली बाजू कच्ची करतो.

नाना सुनावणीच्या तारखेसाठी धुळ्याला आले होते तेव्हा मी त्यांना जळगावला शेडमध्ये घेऊन गेले. डब्याने शेत मोजून द्या, एवढंच मागायला. भाऊंनी पंचनामा चालत चालत वाचला आणि थांबले.

“नाना, हे बोलताना तुम्ही कुठे उभे होता?”

“नाकावर. जंगलमा.”

“आणि काय बोललात? जसं बोललात तसंच सांगा.”

नानांनी खांदे उडवले. “मी बोलनू, साहेब, आठेच शे.”

भाऊ खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर, डाळीच्या पुडीत. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. पंचनामा लिहिणारा कारकून खानदेशाबाहेरचा होता. त्याने ‘आठेच’चं प्रामाणिकपणे मराठी केलं : याच ठिकाणी. नाका खोल जंगलात, म्हणजे नानांचं शेतही जंगलात. दहा वेळा वाचून मला हे दिसलं नव्हतं. मी जुलूम शोधत होते. तिथे नुसतं भाषांतर होतं.

मोजणीला दोन डबे लागले. भाऊंनी मला समजावलं, दोन्ही डब्यांना एकाच वेळी सारखीच चूक सांगितली जाते. एक डबा एका जागी गच्च बसवायचा, तो जागचा न हलता किती हललो म्हणतो ते लिहायचं, आणि तेवढं दुसऱ्याच्या आकड्यातून वजा करायचं. म्हणजे टेकडीवर कुणीतरी दिवसभर एका डब्याशेजारी हलल्याशिवाय बसायला हवं होतं. भाऊंनी शेठकडे बघितलं. मीही बघितलं.

शेठ आले. गादी घेऊन आले. टेकडीच्या माथ्यावर गादी, छत्री, उकळलेल्या पाण्याची बाटली, दर मिनिटाला आकडा लिहायची वही. तीन दिवस सकाळपासून. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे हा त्यांचा नेम, म्हणून काम त्याआधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी एक बैल डबा बसवलेल्या तिवईला पाठ घासायला आला. शेठ हलले नाहीत. बैलाशी मारवाडीत बोलले. बैल गेला.

खाली भाऊ दुसरा डबा घेऊन दोन्ही बुरुजांवर आणि शेताच्या चारी कोपऱ्यांवर फिरत होते. नाना मागे मागे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर आकडेमोड झाली. तीन कोपरे हद्दीच्या चांगले बाहेर. चौथा, डोंगराकडचा, रेघेच्या आत. चौदा मीटर, चार मीटर इकडे-तिकडे.

डोंगराची माती वाहून त्याच कोपऱ्यात बसायची. सगळ्यात काळी जमीन ती. नाना भाताचं रोप तिथेच टाकायचे.

मी म्हटलं, हे लिहू नका. कुणी विचारलेलं नाही.

“मी विचारलंय,” भाऊ म्हणाले. “डब्याला.”

“लष्कराने शंभर मीटर खोटं बोललेलं चालतं, आपण चौदा मीटर गप्प बसलो तर चालत नाही?”

“नाही चालत. चौदा मीटर लपवले तर उरलेले तीन एकर माझ्याकडून कोण घेईल?” आणि अंधार पडायच्या आत बुरूज पुन्हा एकदा बघून येतो म्हणून गेले. नाना बिडी ओढत बसले होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. मी समजले, धक्का बसला असेल.

धुळ्याला प्रांतसाहेबांपुढे सुनावणी झाली. भाऊंनी ‘आठेच’ची वही काढली तेव्हा खात्याचे वकील हसले. म्हणाले, आता सरकारी पंचनामे बोलीभाषेच्या वहीवर तपासायचे का? साहेब स्वतः विदर्भातले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली, तो जवळच्या खेड्यातला. विचारलं, तुझं गाव कुठे रे?

शिपाई म्हणाला, “आठेच शे ना साहेब.”

“किती लांब?”

शिपायाने जरा विचार केला. “व्हई, चार मैल.”

वकील हसायचे थांबले. भाऊंनी मात्र शिपायाचं वय विचारून घेतलं आणि तिथेच वहीत लिहिलं. मग, कुणी न विचारता, चौथ्या कोपऱ्याचं सांगितलं. साहेबांनी लिहिता हात थांबवून वर बघितलं. हे तुम्ही अर्जदाराच्या बाजूने आलात ना, असं विचारलं. भाऊ म्हणाले, मी बुरुजापासून आलोय.

निकाल लागला. शेत नानांचं, चौथा कोपरा सोडून.

लोक खूश होते, मी नव्हते. जिंकलेल्या लढ्यातून आपल्याच माणसाने एक तुकडा काढून सरकारला दिला, असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात मी ते कडक पत्रक लिहिलं. छापायच्या आधी त्यांना दाखवलं, कारण पाठीमागून वार करायचा नाही एवढं मी पाळत होते. त्यांनी लाल शाईने तपासून दिलं. मी ते दुरुस्तीसकट छापलं आणि कंपनीचं काम सोडलं.

वर्ष गेलं. वरच्या कचेरीत अपील करायचं मी ठरवलं. मुद्दा बिनतोड होता : हे यंत्र चुकतं, हे खुद्द कंपनी पहिल्या पानावर छापते. मग चौथ्या कोपऱ्याचं तरी खरं कशावरून? पुस्तिका माझीच, ओळ त्यांची. अर्ज तयार करून मी अंगठा घ्यायला पाड्यावर गेले. नाना नव्या जागी रोप टाकत होते, विरळ उगवलं होतं. त्यांनी हात धुतले, अर्ज ऐकून घेतला, शेवटपर्यंत.

मग म्हणाले, “ताई, तो कोपरा आमना नव्हताच. मना बाप दर साल नांगरनं एक तास जंगलमा सरके. एकच. बठ्ठासले माहीत व्हतं.”

तास म्हणजे नांगराचा एक चर. मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं, मग सुनावणीत का नाही बोललात?

“माले कोनी विचारं नही,” ते म्हणाले. “त्या डबाले कसं समजनं, तोच इचार मी वरीसभर करस.”

अंगठा मी घेतला नाही. त्यांनी देऊ केला होता, माझ्या मानासाठी. मी सरळ एसटी धरून जळगावला आले. संतापलेलीच होते, फक्त कुणावर ते कळत नव्हतं.

शेडमध्ये आता दोनच टेबलं होती. परदेशातून तयार डबे यायला लागले होते, मुठीत मावणारे. शेठ आपल्या दुकानाच्या गादीवर परतले होते, येऊन-जाऊन असायचे. भाऊ उभेच होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघ. किंवा काहीच म्हणणार नाहीत, म्हणजे अजून वाईट. मी नानांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नांगराचं एक तास, दर साल.

ते चालायला लागले. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

“लाकडी नांगराचं तास म्हणजे एक फूट धरू. चौदा मीटर, म्हणजे सेहेचाळीस तासं. नानांच्या बापाने नांगर किती वर्षं धरला?”

मी म्हटलं, मला काय माहीत.

“विचारलं नाहीस?” त्यांना खरंच धक्का बसला. “अगं, डबा चार मीटर चुकतो. बाप एक फूटही चुकला नसेल. सेहेचाळीस निघाली तर आपलं बरोबर.”

“आणि चाळीस निघाली तर?”

ते थांबले. कोपऱ्यातली चप्पल पायाने ओढत होते, एक सापडली होती, दुसरी टेबलाखाली होती.

“तर मी चुकलो. मग जवळजवळ दोन मीटर नानांना परत मिळायला पाहिजेत. अर्ज मी लिहीन. साक्रीची गाडी किती वाजता आहे?”

मी पिशवीतून माझा अर्ज काढला आणि कोरी बाजू वर करून त्यांच्या हातात दिला. चप्पल मी शोधली.